साहेबांची सही

मदतीचं पान लिहिणं सोपं असतं, असं माझ्यासमोर म्हणू नका. आमची दोन ऑफिसं एक झाली, तेव्हा डिजिटल सहीच्या नूतनीकरणाचं ऑनलाइन पान मला नव्याने लिहायला दिलं. मी इतकं सोपं लिहिलं की कोणी अडूच नये. दुसऱ्याच दिवशी महाराज बाडा चौकाजवळच्या जुन्या ऑफिसातून शिर्केकाकांचा फोन आला. तिथले हेडक्लार्क.

"ताई, पान एकदम बढिया झालंय. पण ओळख पटवायच्या व्हिडिओपाशी अडलोय. लिहिलंय, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावा."

"मग मिचकावा ना!"

"सही माझी नाही, साहेबांची आहे. आणि साहेबांचं परवा तेरावं झालं."

माझं डोकंच सटकलं. साहेबांच्या सहीचा पेनड्राइव्ह आणि पिन, दोन्ही वर्षानुवर्षं काकांच्याच ड्रॉवरमध्ये. तिथली रीतच तशी.

"काका, गुन्हा आहे हा! साहेब गेल्यावर कशाकशावर सह्या केल्यात?"

"एकही नाही. एकच कागद राहिलाय. रोज करायला बसायचो, हात चालायचा नाही. काल सहीची मुदतच संपली."

"कसला कागद?"

"ऑफिसं एक झाली ना, आता एक माणूस जास्त आहे. त्याला घरी पाठवायचा आदेश. साहेब दवाखान्यातून म्हणाले होते, शिर्के, तेवढं करून टाक."

"कोणाला पाठवायचंय घरी?"

"मलाच," काका म्हणाले. "पण ताई, तीस वर्षांत त्यांचं एक काम मी अडवलं नव्हतं हो."