तुक्का मोजायचा की नाही?

लीगचे अध्यक्ष आदरणीय तात्यासाहेब, व्यासपीठावर बसलेले हर्सूल संघाचे कप्तान बद्रीनाथराव, आमच्या गुलमंडी संघाच्या कप्तान आणि आजच्या सत्कारमूर्ती आशाताई, आणि एका संध्याकाळपुरता हातातली क्यूची काठी खाली ठेवलेल्या तमाम पूलप्रेमी बंधू-भगिनींनो, निजामुद्दीनचा आपणां सर्वांना आदाब आणि नमस्कार.

ताई आता लेकीकडं नाशिकला कायमच्या राहायला चालल्यात. त्यांच्या साड्यांच्या दुकानाला माझं दुकान लागून, म्हणून बोलायचा मान मला. खरं तर त्यांच्याकडून हरलेल्यांना जास्त बोलायचं होतं. काय बद्रीनाथराव?

ताई आपल्या बिलियर्ड-पूलच्या हॉलमध्ये पहिल्यांदा कशाला आल्या होत्या? चिरंजीव सांडूला कान धरून घरी न्यायला! सांडू मुकाट घरी गेला, ताई थांबल्या. म्हणाल्या, "मला बी एक मारू द्या की." नेम डाव्या कोपऱ्यावर, बॉल गेला उजव्या कोपऱ्यात. पण गेला! आमच्या हौशी लीगचा नियमच तसा: आपला बॉल टेबलाच्या कुठल्याही पॉकेटमध्ये पडो, मोजायचा. ताईंचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू!

त्याच वर्षी ताई संघात आल्या आणि आम्ही फायनलला पोचलो. शेवटचा काळा बॉल, जो पाडेल तो जिंकला. ताईंनी मारला, तो ठरवलेल्या पॉकेटच्या कडेवर आपटला, टेबलभर फिरला आणि भलत्याच पॉकेटमध्ये जाऊन पडला. कप गुलमंडीला! बद्रीनाथराव भडकले, "हा तुक्का हाय! ह्याला काय खेळ म्हणायचं?"

पुढच्या बैठकीत त्यांनी नवा नियम मांडला. पॉकेट आधी सांगायचं, त्यातच बॉल पडला तर मोजायचा. वर म्हणाले, "मग बघू गुलमंडीत कोण उरतंय!" आता त्यांचं अगदीच चूक होतं का? वर्षभर घाम गाळणाऱ्याला तुक्क्यानं हरवलं तर जीव जळणारच. पण आमचे निम्मे गडी नवशिके. हा नियम आला असता तर संघ मोडला असता, हे आम्हाला दिसत होतं.

तेव्हा ताई उठल्या. "व्हय, तुक्काच होता त्यो. आता तुमच्याच नियमानं माझ्याशी खेळा. मी हरले तर नियम तुमचा. जिंकले तर मी म्हणेन तो."

मग उन्हाळाभर दुपारी दुकान बंद करून बाई हॉलमध्ये. गिऱ्हाईकाला साडीचा पदर दाखवतानासुद्धा नजर कोपऱ्यांचा अंदाज घ्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सामन्याच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुन्हा काळाच बॉल राहिला, आणि समोर बद्रीनाथरावांचा बॉल आडवा. ताईंनी पॉकेट सांगितलं, "मधलं, डाव्या हाताचं." लोक हसले. सरळ वाट होतीच कुठं? ताईंनी बॉल टेबलाच्या कडेवर आपटवला, तो उलटा वळला आणि सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला! अहो, काय जल्लोष! मी तर ओरडून ओरडून दोन दिवस मुका झालो होतो.

आता ताई कडक नियम घेतील, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांना आता तुक्क्याची गरजच काय? पण त्या म्हणाल्या, "नियम जुनाच राहू द्या. माझा पहिला बॉल नशिबानंच पडला. त्यो मोजला नसता, तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते."

बद्रीनाथरावांनी मान खाली घालून हात मिळवला. पटलं होतं की नाही, देव जाणे.

परवा कळलं. त्यांच्या सौभाग्यवती, चतुराबाई, पहिल्यांदाच सामन्याला उभ्या राहिल्या. नेम एकीकडं, बॉल तिसरीकडं, पण पडला. आमचा एक पोरगा हळूच म्हणाला, "तुक्का." तर बद्रीनाथराव खुर्चीवरून उठून गरजले, "तुक्का म्हणून काय झालं? मोजा! नियमात हाय!"

ताई, तुम्ही चालल्यात याचं मला लई वाईट वाटतंय. पण तुम्ही बद्रीनाथरावांना दोनदा जिंकून चालल्यात, एकदा टेबलावर आणि एकदा मनातून, हे भरल्या सभेत सांगताना छाती फुगते. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल किंवा थट्टा लागली असेल, तर या निजामुद्दीनला मोठ्या मनानं माफ करा. आणि बद्रीनाथराव, टाळ्या थांबवा आता, ताईंना हार घालायला तुम्हीच पुढं या.