लोकरीखालचा कोमूज

बिश्केकच्या रेडिओ केंद्रात जुन्या टेपांच्या खिडकीशी रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची बायको.

– अजून सांगते, घरी चला. तुम्ही रेडिओवर कोमूज वाजवलात, हे पन्नास वर्षं फक्त तुम्हीच सांगताय.

– म्हणून तर टेप काढायला आलोय, बुरुल. आज तुझ्या कानांनी ऐकशील.

– माझे कान ठीक आहेत. कोमूजच्या तिन्ही तारा जुळवल्या होत्या ना?

– आजोबा, नाव आणि साल सांगा, – खिडकीतली मुलगी म्हणाली.

– तुर्दुबेक, नारीनचा. चौऱ्याहत्तर, मेंढपाळांचा कार्यक्रम.

– त्या वर्षीच्या सगळ्या टेपा पुसल्या, आजोबा. त्यांवर लोकरीचे अहवाल घेतलेत. तेव्हा टेपा पुरत नसत.

– काहीच नाही उरलं?

– लोकर उरलीय. ऐकायची का?

– थट्टा पुरे, बुरुल. चल, तू जिंकलीस.

– शेवटाकडे तुमचं बोट अडखळलं होतं.

– काय म्हणालीस?

– लग्नाला महिना झाला होता. चौकातल्या रेडिओच्या कर्ण्याखाली नळावर पाणी भरत होते. बादली वाहत राहिली, मी ऐकत राहिले.

– मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

– बोलले असते, तर मला पटवायला रोज संध्याकाळी वाजवलं असतंत?