घरच्या फ्रीजात नको

जळगाव स्टँडवर रावेरच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभे होते. एक धान्याचे व्यापारी, दुसरी त्यांची भाडेकरू, कॉलेजात संशोधन करणारी.

"शेठजी, माझं पार्सल तुमच्या दुकानात आलं होतं. मग ते आणायला आपण रावेरला का चाललोय?"

"आधी त्यात आहे काय ते सांगा."

"प्रोटीन. मेंदूतल्या वाढत्या नसेला कुठे वळायचं ते हे दाखवतं. प्रयोगासाठी मागवलंय."

"आमच्या मुलाने, जिनेशने डब्यावरचं इंग्रजी वाचलं. उंदराचं आहे म्हणे."

"उंदराच्या जनुकावरून प्रयोगशाळेत बनवतात. आत उंदीर नसतो."

"ते तुम्हाला पटतं. आमच्या फ्रीजात अंड्याचा केकसुद्धा जात नाही. हे ठेवलं असतं तर आमच्या बायकोने, प्रेमकुंवरने मला ताट वाढलं नसतं."

"मी फोनवर सांगितलं होतं, फ्रीजरमध्येच ठेवा."

"म्हणून तर मेहुण्याच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजला पाठवलं. ट्रक जातच होता. जागा एकदम थंडगार."

"किती डिग्री?"

"तेरा. केळी तिथे पंधरा दिवस हिरवी राहतात."

"याला उणे वीस लागतं, शेठजी. चार दिवस झाले. सहा महिने वाट बघत होते मी याची."

"जाऊ द्या, मॅडम. जीवहत्येच्या पापातून तरी सुटलात."

"आणि तुमच्या गोदामात दर शनिवारी उंदरांना विषाच्या गोळ्या टाकतात, त्याचं काय?"

"त्या मी थोड्याच टाकतो? त्यासाठी हमाल ठेवलाय."