इंद्रभान भाऊचा खडा

...अन् वरून लोकं म्हनतात, "इंद्रभान भाऊ, बोलले काऊन नाही?" आता तुम्हाले सांगतो, मानूस काय चौकात उभा राहून सांगन का, का बाप्पा, माही लघवी अटकून राह्यली? सांगाव तं कोनाले?

आमचे इंद्रभान भाऊ, अमडापूरचे, वांगे-मेथीवाले. घरवाली, रुक्मिणीबाई, होती तवा मानूस नुसता शिंकला तरी काढा तयार! ती गेली अन् घरात बोलाले उरलं कोन? म्हैस! तिले सांगतलं एक डाव... तिनं तोंड फिरवलं!

सुरुवात झाली जळजळीनं. मंग धार मधातच बंद... उभे राहा, वाका, एका पायावर या... तवा कुठी चार थेंब! मंग लाल. भाऊ म्हने, बीट खाल्लं असन. आता बीट ना वावरात, ना घरात! पुन्याहून पोरगा, ऋत्विक, फोन करे, "बाबा, तब्येत?" "एकदम फस्टकलास!" तिकडं स्पीकर चालू, सून बाजूले... सांगाव तं कोनाले?

अन् एक दिवस धार बंदच! पोट नगाऱ्यावानी, अंगात हुडहुडी, भाऊ गोठ्यात आडवे. शेजारच्या जयमालाबाई ताक मांगाले आल्या, पाह्यलं न् वरडल्या, "अवो माय, हे तं बरळून राह्यले! रुक्मिणीले हाका मारून राह्यले!" जीपीत टाकलं, बुलढान्याले नेलं.

नळी टाकून लघवी काढली, भाऊ शुद्धीवर आले, तशा डॉक्टरीनबाई भडकल्या. "लघवीच्या पिशवीत लिंबाएवढा खडा! लघवी तुंबून दोन्ही किडन्या सुजल्या, जंतू रक्तात गेले. अजून थोडा उशीर, की गेलाच होतात तुम्ही! सांगितलं का नाही कोणाला?"

सांगाव तं कोनाले... हे बी सांगता येईना!

ऑपरेशन झालं. जीव वाचला, एक किडनी मात्र कायमची बसली. पन मजा पाहा! वार्डात सकाळीच सिस्टर, "बाबा, झाली का?" डॉक्टर, "किती झाली?" शेजारच्या खाटीवरचा, "रंग कसा हाय आज?" ऋत्विक आला, घडीत नळीकडं पाहे, घडीत बापाकडं. अन् भाऊ साऱ्यायले हाक मारून सांगत, "झाली, झाली! मोकळी झाली!" बायको गेल्यापासून इतकं बोलले नसतीन!

दवाखान्यातून सुट्टी भेटली त्या दिवशी डॉक्टरीनबाई म्हने, "पाणी भरपूर प्या, तपासायला येत जा, नाहीतर खडा पुन्हा होईल बरं!" ऋत्विकचं तोंड उतरलं. भाऊनं कपड्यायची थैली काखेत मारली, खाटीकडं एकवार पाह्यलं, अन् हळूच इचारलं...

"बाई... अंदाजे कधी होईन?"