पीटीचे सर एकदम फिट

– नाही, तिथे नका बसू ताई, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. इकडे या. तुमचा भाऊ ना आत, निळ्या स्वेटरमधला? त्याच्या पलीकडच्या बेडवर आमचे हे आहेत. पीटीचे सर म्हणतात इथे सगळे, शाळेत पीटी शिकवायचे म्हणून. पहिल्यांदाच आलात? मग वैतागाल. मी तर पार विटलेय. काही विचारा, उत्तर एकच – बघू या. अहो, काय बघू या? लिव्हरपर्यंत गेलाय कॅन्सर, नेहमीची औषधं करून झाली, म्हणून तर ही नवी अँटिबॉडी घ्यायला ह्या चाचणीत आलो – आपल्याच शरीरातल्या पेशींना कॅन्सरवर सोडते म्हणे. मी विचारलं, बरे होतील ना? तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या फक्त माणसाला किती झेपतं ते बघतोय. मग आम्ही काय माप द्यायला आलोय का इथे? डोकंच फिरलं माझं. पण बाई खोटं बोलल्या नाहीत, तेवढं मानते.

पद्धत अशी असते बघा – पहिल्या गटाला अगदी थोडं औषध. त्यांना झेपलं की पुढच्या गटाला वाढवून. आमचे हे पहिल्या गटातले, म्हणजे आमच्या वाट्याला चमचाभर आणि तुमच्या भावाला जास्त. राग मानू नका, पण जळफळाट होतो. आधी ह्यांनी सोसायचं आणि मग – म्हणजे सोसायचं असं काही नाही. ह्यांना काहीच त्रास नाही. नर्स विचारते, ताप आला होता? थंडी वाजली? हे म्हणतात, एकदम फिट. वर दंड फुगवून दाखवतात. दंड उरलाय कुठे, पण तिला हसू येतं आणि ती तसंच कळवते. म्हणून तर तुमच्या भावाचा नंबर लागला. आमचे उपकारच समजा.

गंमत सांगू? जन्मभर पोरांची नाटकं पकडली ह्या माणसाने. पोट दुखतंय म्हणणारं पोर एका नजरेत ओळखायचे – चल, मार मैदानाला चक्कर. आणि आता स्वतःच नाटक, तेही उलटं. औषध घेऊन घरी गेलं की थंडीने दात वाजत असतात, अंगावर घरातली सगळी पांघरुणं घालते तरी थरथर जात नाही. परवा जिन्यातच बसले, श्वासच पुरेना. मी म्हटलं, आता तरी सांगा डॉक्टरांना. तर म्हणाले, "सांगितलं की चाचणीतून काढतील मला. मग आहे का दुसरं काही आपल्याकडे?" आहे का? नाही. म्हणून इथे यायच्या दिवशी चहाबरोबर तापाची गोळी. कोण देतं? मीच देते, दुसरं कोण देणार. आणि बजावते, नर्ससमोर ताठ बसा –

काय झालं? असं काय बघताय? अहो, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. तुमचा भाऊ तरणा आहे, त्याला सहज झेपेल. झेपेल की. म्हणजे, मला काय माहीत झेपेल का. मी काय डॉक्टर आहे? बसा ना, उठताय कशाला? ह्यांना आज काढलं तर घरी नेऊन मी काय करू, ते सांगा. रोज सकाळी म्हणतात, आज बरं वाटतंय. मीही हो म्हणते. कंटाळा आलाय हो ह्या हो म्हणण्याचा.

त्याला औषधाचं सलाइन लावलं का? अजून नाही ना?

मग जा. माझ्या तोंडाकडे काय बघताय, आत जा आणि सांगा, पीटीचे सर फिट नाहीत. बायकोनेच सांगितलंय म्हणा. पिशवी राहू द्या इथे, मी बघते. जा.