डेप्युटीसाहेबांचा शेरा

मुलांना विचार करायला शिकवावं, पण जपून. ठाण्याच्या शाळेत मी वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. एकदा त्यात आलं, खाडीवर आगगाडीचा पूल झाल्यापासून मासळी घटली, म्हणजे दोष पुलाचाच. कोलशेतच्या कोळ्यांचा हिरू म्हणाला, "मास्तर, पूल नव्हता तवा पन जाली रिकामी यायची."

मी खूश. "नंतर झालं म्हणजे त्यामुळेच झालं, असं नसतं," हे सगळ्या वर्गाकडून घोकून घेतलं.

पुढे शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले. माझी बढती त्यांच्याच हातात. मी म्हणालो, "साहेब, मी आल्यापासून मुलं हुशार झाली."

मागून हिरूचा आवाज आला, "नंतर झालं म्हणजे त्यामुळेच झालं, असं नसतं, मास्तर."

साहेबांनी शांतपणे शेरा लिहिला, "मुले हुशार आहेत. कारण समजले नाही."