अनसूयाबाईंची वीस मिनिटं

घरोघरी सुई देत फिरताना कंटाळा यायचा का, विचारताय? मग अनसूयाबाईंचं ऐका.

पंचवटीत भाजी विकायच्या. क्षय झाला, तशी मुलगा-सून घाबरून वेगळी राहायला गेली. मी रोज इंजेक्शन द्यायला जायचे. आम्हा नर्सेसचं सगळं शिक्षण दवाखान्यातलं; लोकांच्या घरात सुई कशी उकळायची हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी सुई नुसती स्पिरिटने पुसून पाच मिनिटांत निघायचे. शेवटी त्यांना सुईच्या जागी गळू झालं. तेव्हा कुठे आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं.

मी त्यांच्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं आणि ओशाळून म्हटलं, "चूक माझीच होती. आता रोज वीस मिनिटं उकळावं लागेल, तुमचा खोळंबा होणार."

"खोळंबा कसला, बाई? बसा. चार महिन्यांत या घरात कुणी बसलंच नाय."

मग रोज आम्ही बोलत बसायचो. मीही खोलीवर एकटीच राहायचे.

कोर्स संपला. "बऱ्या झालात, उद्यापासून सुई बंद," मी म्हटलं.

त्यांनी स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं. मग हळूच म्हणाल्या, "बाई, खोकून दाखवू का?"